क्रोम प्लेटिंग असलेल्या छोट्या कारखान्यातली पहिली सहामाही मेडिकल

भोसरी एमआयडीसीतला छोटा कारखाना. प्रेस शॉप, बफिंग (धातू घासून चकचकीत करणं), पॅकिंग आणि जून २०२५ पासून हार्ड क्रोमची, म्हणजे धातूवर क्रोमचा कठीण थर चढवण्याची, लाइन. माणसं ६४: कंपनीची ३८, ठेकेदाराकडची २६. क्रोमची टाकी बसेपर्यंत मेडिकलचा एवढा व्याप नव्हता. पण इलेक्ट्रोप्लेटिंग हा उद्योग तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या पहिल्या अनुसूचीत होता, म्हणजे धोकादायक प्रक्रियांच्या यादीत. धातूंचं ग्राइंडिंगही त्याच यादीत होतं, हे बऱ्याच जणांच्या गावी नसायचं. त्या यादीत आलात की कलम ४१-सी लागायचं: घातक पदार्थाच्या कामावर माणूस लावण्याआधी तपासणी, काम चालू असताना आणि ते काम सुटल्यावरही जास्तीत जास्त १२ महिन्यांच्या अंतराने तपासणी. राज्याच्या कारखाने नियमांत हे अंतर आणखी आवळून ६ महिन्यांवर आणलेलं आहे. क्रोम लाइनवरच्या माणसांची कामाआधीची तपासणी जूनमध्ये झाली होती, त्यामुळे पहिली सहामाही डिसेंबरात येणार हे ठरलेलंच होतं.

डॉक्टर कोण, हा पहिला प्रश्न. कोणताही एमबीबीएस चालत नाही. फॅक्टरी मेडिकल ऑफिसरकडे औद्योगिक आरोग्याचं प्रशिक्षण लागतं. त्या प्रशिक्षणाला सगळे एएफआयएच (असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ) म्हणतात. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात ५० पर्यंत कामगार असतील तर डॉक्टर रिटेनरवर, म्हणजे ठरावीक मानधनावर लागेल तेव्हा बोलावण्यापुरता, चालतो. ५१ ते २०० मध्ये अर्धवेळ डॉक्टर आणि किमान १५ चौरस मीटरची ऑक्युपेशनल हेल्थ सेंटरची खोली लागते. २०० च्या पुढे पूर्णवेळ. आकडा मोजताना ठेकेदाराची मुलं, म्हणजे त्याच्याकडचे कामगार, धरायचीच. ३८ वर थांबून रिटेनरवर भागवावं असं कोणालाही वाटेल, पण हजेरी ६४ ची असते.

काम सुरू केलं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधी करण्यात अर्थ नव्हता, कारण दिवाळीला गेलेली माणसं आणि छठपूजेला गावी गेलेली बिहार-यूपीची मुलं तोवर पुरती परतलेली नसतात. अर्ध्या माणसांवर यादी केली की कॅम्पच्या दिवशी निम्मी नावं नवीन निघतात.

यादी करताना हुद्दा लिहून काही साधत नाही. 'हेल्पर' म्हणजे काय? एक हेल्पर दिवसभर पॅकिंगला असतो, दुसरा क्रोमच्या टाकीवर जिग (भाग अडकवायची चौकट) लावतो आणि काढतो. म्हणून रकाने असे ठेवले: टोकन नंबर, आधारवरचं नाव, वय, मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष कुठे काम केलं, कशाशी संबंध येतो. शेवटचे दोन रकाने ऑफिसात बसून भरता येत नाहीत, सुपरवायझरला शेजारी बसवावं लागतं. त्यातून चित्र दिसलं ते असं: क्रोमच्या टाकीशी संबंध ९ जणांचा. कागदावर ६ होते. उरलेले तिघे म्हणजे मेंटेनन्सचे दोघे आणि टाकीत भर घालणारा स्टोअरचा माणूस. आवाजात ३१, बफिंगच्या धुळीत ११ (हे ११ त्या ३१ मध्येही आहेत), फोर्कलिफ्ट आणि क्रेनवर ४. बाकी पॅकिंग, स्टोअर, ऑफिस.

ही यादी हाती आल्याशिवाय कोणालाही कोटेशन मागू नये. कारण कोटेशन मागितलं की पॅकेज येतं. आमच्याकडे आलेलं सर्वात स्वस्त पॅकेज माणशी ४५० रुपयांचं होतं: रक्त, साखर, लघवी, ईसीजी, डोळे, बीपी. प्लेटिंग शॉपच्या दृष्टीने त्यात जवळपास काहीच नव्हतं. क्रोमिक ॲसिडचा त्रास ईसीजीत दिसत नाही, तो नाकाच्या पडद्यावर आणि बोटांवर दिसतो. दुसऱ्या टोकाचं पॅकेज १,१०० रुपयांचं. त्यात ६४ च्या ६४ जणांचा छातीचा एक्स-रे, दर सहा महिन्यांनी. पॅकिंगच्या बाईला वर्षातून दोनदा एक्स-रे कशासाठी? एक्स-रे कोणाचा आणि किती दिवसांनी हे डॉक्टरने ठरवायचं, एक्स-रेची फिरती गाडी आणणाऱ्याने नाही. आमच्या डॉक्टरांनी तो बफिंगच्या ११ जणांपुरता ठेवला. शेवटी कामानुसार तुकडे पाडून दर घेतले. साधी तपासणी आणि डोळे सगळ्यांना, कानाची तपासणी ३१ जणांना साधारण २०० रुपयांनी, फुप्फुसांची फुंकर-चाचणी बफिंग आणि क्रोमच्या २० जणांना तेवढ्यालाच, लघवीतलं क्रोमियम फक्त ९ जणांना. ही शेवटची चाचणी महाग, नमुन्यामागे हजाराच्या वर, आणि नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो. एकूण बिल मोठ्या पॅकेजपेक्षा कमीच आलं.

दोन पॅकेजांत एचआयव्ही चाचणी गुपचूप घातलेली होती. ती काढायला लावा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे नोकरीसाठी किंवा नोकरीत ठेवण्यासाठी ही चाचणी अट म्हणून लावता येत नाही. सगळ्यांबरोबर होऊन जाते हे कारण तिथे टिकत नाही.

वर्क ऑर्डर देण्याआधी मागायचे कागद: डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि एएफआयएचचं प्रमाणपत्र, प्रयोगशाळेचं एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचं) प्रमाणपत्र, एक्स-रे गाडीचा एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना, ऑडिओमीटरचं, म्हणजे कान तपासायच्या यंत्राचं, वर्षाच्या आतलं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी), जैववैद्यकीय कचरा कोण उचलणार त्याचं पत्र. परवान्यावरचा यंत्राचा नंबर आणि गाडीतल्या यंत्राचा नंबर जुळवून पाहायचा. हे कॅम्पच्या सकाळी पाहिलं तर उशीर झालेला असतो, माणसं रांगेत उभी असतात.

या गडबडीत २१ नोव्हेंबर आला आणि चारही कामगार संहिता लागू झाल्याची बातमी आली. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता २०२० ने कारखाने अधिनियमाची जागा घेतली. लगेच फोन सुरू: आता नमुने बदलले का, जुनं प्रपत्र ७ चालेल का, थांबायचं का? थांबायचं कारण नाही. जुन्या कायद्यांखालचे नियम, संहितेच्या विरोधात नसतील तिथपर्यंत, नवे नियम येईपर्यंत चालू राहतात. म्हणून आमच्या नोंदी जुन्याच प्रपत्र ७ मध्ये, म्हणजे हेल्थ रजिस्टरमध्ये, केल्या. या संहितेतली सर्वात गाजलेली तरतूद म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी. धोकादायक प्रक्रियेतल्या माणसाला सहामाही आधीपासून होतीच. फरक पडेल तो पॅकिंग आणि ऑफिसच्या लोकांना.

मोफत म्हणजे खरोखर मोफत. पगारातून कापायचं नाही, ठेकेदाराच्या बिलातून वळतं करून त्याला मुलांकडून वसूल करू द्यायचं नाही. कारखाने अधिनियमाच्या कलम ११४ मध्ये हे स्पष्ट होतं. आणि तपासणी शिफ्टच्या वेळेत. सुट्टीच्या दिवशी बोलावून हजेरी न लावणं हीसुद्धा कपातच आहे.

आता वेळापत्रक, ज्यावर अख्खी तपासणी तरते किंवा बुडते. भोसरीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बहुतेक जण सुट्टीच्या आदल्या दिवशी, दुपारी काम हलकं असताना कॅम्प उरकतात. कानाच्या तपासणीसाठी ही सर्वात वाईट वेळ. प्रेसच्या आवाजात काही तास काढलेला कान तात्पुरता बधिर होतो. विश्रांती मिळाली की बराचसा सुधारतो. त्या अवस्थेत तपासणी केली तर धडधाकट माणसाच्याही आलेखात खड्डा दिसतो आणि मग खरं नुकसान कुठलं, थकवा कुठला, हे कळायला मार्ग राहत नाही. आधी किमान १४ तास कान आवाजापासून लांब हवा. म्हणून कानाची तपासणी शुक्रवारी सकाळी, मशीनवर पाय ठेवण्याआधी. माणशी १०-१२ मिनिटं लागतात, त्यामुळे ३१ जण एका सकाळी होत नाहीत. १२ आणि १९ डिसेंबर असे दोन शुक्रवार घेतले. सात ते सव्वादहा, दर वेळी १५-१६ जण, आणि तोवर प्रेस बंद. प्रॉडक्शनवाल्यांशी सर्वात जास्त वाद याच तीन तासांवरून होतो, तेव्हा तो महिनाभर आधीच उरकून घ्यावा.

लघवीतल्या क्रोमियमचं बरोबर उलटं. तो नमुना आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, शिफ्ट संपताना घ्यायचा. सुट्टी घालवून आलेल्या माणसाचा सकाळचा नमुना घेतला तर आकडा कमी दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात. म्हणजे इथे बुधवार संध्याकाळ, १० डिसेंबर. नमुना देण्याआधी कामाचे कपडे काढून, हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन मगच डबी हातात द्यायची. बाहीवर वाळलेला क्रोमिक ॲसिडचा एक कण डबीत पडला तरी आकडा भलतीकडेच जातो. डबीवर टोकन नंबर आणि नाव दोन्ही. नुसतं नाव नको. एकाच ठेकेदाराकडे एकाच नावाची दोन-दोन मुलं असतात, आणि आधारवर एक स्पेलिंग, ईएसआयसीवर (कामगार राज्य विम्याच्या कार्डावर) दुसरं.

कॅम्पच्या आधी तीन दिवस सूचना लावली, मराठीत आणि हिंदीत. त्यातल्या कामाच्या गोष्टी: साखर-बीपीची चालू गोळी बंद करू नका, दुप्पट घेऊ नका. चष्मा असेल तर घेऊन या. फुंकर-चाचणीआधी तासभर बिडी-सिगारेट नको, दोन तास भरपेट जेवण नको. कानात काडी-बड घालून साफ करू नका. रात्रपाळी संपवून थेट आलेल्याची तपासणी करत नाही, कारण बीपी चढलेलं असतं आणि उपाशीपोटीच्या साखरेला अर्थ नसतो. त्यांना दुसरी तारीख दिली.

सूचनेत न मावणारी गोष्ट म्हणजे भीती. 'अनफिट' निघालो तर गेटबाहेर, असं प्रत्येकाच्या मनात असतं, ठेकेदाराच्या मुलांच्या तर जास्तच. त्यातूनच सगळ्या चलाख्या निघतात: दुसऱ्याला आपल्या नावावर पाठवणं, डोळ्यांच्या तक्त्याची ओळ रांगेत उभं राहून पाठ करणं, कमी ऐकू येत असताना टेक्निशियनच्या बोटाकडे बघून हात वर करणं. उपाय साधे आहेत. गेट पासवरचा फोटो टेबलावर पडताळायचा, तक्ता दिसणार नाही अशी रांग बाहेर ठेवायची, ऑडिओमीटरकडे पाठ करून बसवायचं. पण त्याआधी डॉक्टरांनी दहा मिनिटं हिंदीत बोलावं हे उत्तम. अनफिट म्हणजे त्या कामाला अनफिट, नोकरीला नव्हे. नियमही तेच सांगतो: धोकादायक कामावरून काढलेल्या कामगाराला दुसरं काम द्यायचं, आणि अनफिट शेरा मान्य नसेल तर कामगाराला निरीक्षकाकडे दाद मागता येते, तिथून प्रकरण सर्टिफायिंग सर्जनकडे (सरकारने नेमलेल्या तपासणी डॉक्टरकडे) जातं आणि त्यांचा निर्णय अंतिम.

कानाच्या तपासणीला खोली ऑफिसच्या मागची निवडली, एसी बंद, कॉम्प्रेसर बंद. कॅन्टीन कितीही मोठं असलं तरी तिथे नको, भांडी वाजतात. हेडफोन लावण्याआधी डॉक्टरांनी कानात पाहायलाच हवं. मळाने कान बंद असेल तर आलेख काढण्यात अर्थ नाही. आवाजाच्या कामाबद्दलच्या नियमात १२५ ते ८००० हर्ट्झपर्यंतच्या वारंवारता मोजायला सांगितलेल्या आहेत. कॅम्पवाले घाईत तीन-चारच घेतात आणि कागदावर 'नॉर्मल' लिहितात. 'नॉर्मल' हा शब्द घेऊ नका, दोन्ही कानांचा आलेख घ्या. आवाजाने होणारं नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतं. बोलणं-चालणं ऐकू येत असल्यामुळे माणसाला तोवर काही जाणवतही नाही. पुढच्या वर्षी तुलना करायला हाच आलेख लागतो.

फुंकर-चाचणीत बिघडतं ते शिकवण्यात. पूर्ण श्वास भरायचा, एका झटक्यात जोराने सोडायचा आणि सहा सेकंद सोडतच राहायचं. पहिल्यांदा जवळपास सगळे फुगा फुगवल्यासारखं हळू फुंकतात आणि यंत्र 'फुप्फुस कमजोर' छापून देतं. तीन नीट फुंकरा मिळाल्या पाहिजेत आणि त्यातल्या सर्वात चांगल्या दोन एकमेकींच्या जवळ हव्यात. उंची विचारून लिहू नका, मोजा. अपेक्षित आकडा उंचीवरूनच निघतो. तोंडात धरायची नळी प्रत्येकाला नवी. नुकतीच पोटाची किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेल्याला ही चाचणी देत नाहीत, ते आधी विचारायचं.

क्रोमच्या नऊ जणांना डॉक्टरांनी वेगळं बसवलं. नाक उघडायचा चिमटा, टॉर्च, आणि दोन्ही हात पुढे. हार्ड क्रोमच्या टाकीत विजेचा मोठा भाग क्रोम चढवण्यात जातच नाही, हायड्रोजन तयार करण्यात जातो. कामी येतो तो १०-२० टक्के. ते बुडबुडे वर येऊन फुटतात आणि क्रोमिक ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडतात. ते नाकात बसले की पडद्यावर खपली धरते, मग जखम, आणि दुर्लक्ष झालं तर आरपार भोक. बोटांवर, नखाच्या कडेला, पेरावर पंचने पाडल्यासारखा खोल गोल व्रण होतो. तो फारसा दुखत नाही, म्हणूनच कोणी सांगत नाही. 'नाकातून रक्त येतं का, खपल्या निघतात का, वास कमी झालाय का' हे तीन प्रश्न फॉर्मवर छापण्यापेक्षा तोंडी विचारलेले बरे. दोघांच्या पडद्यावर लाली आणि खपली निघाली. दोघेही टाकीच्या एकाच टोकाला उभे राहणारे.

पॅकिंगमधल्या महिलांसाठी पडदा आणि सोबत नर्स. डोळ्यांत सर्वात जास्त निघालं ते जवळचं दिसण्याचं. चाळिशीपुढच्या प्रेस ऑपरेटरना डायमधला (प्रेसच्या साच्यातला) तुकडा नीट दिसत नव्हता. इतकी स्वस्त दुरुस्ती अख्ख्या मेडिकलमध्ये दुसरी नाही.

रिपोर्ट आठ-दहा दिवसांत यायला सुरुवात होते. क्रोमियमचे आले नाताळानंतर. रिपोर्ट कसे द्यायचे हे वर्क ऑर्डरमध्ये लिहून ठेवा, नाहीतर प्रयोगशाळा ६४ जणांची साखर-बीपी एका एक्सेलमध्ये घालून व्हॉट्सॲपवर टाकते आणि दुपारपर्यंत ती सुपरवायझरच्या ग्रुपवर फिरते. पूर्ण रिपोर्ट डॉक्टरांकडे, एक प्रत बंद पाकिटात त्या-त्या कामगाराला. ऑफिसला हवं तेवढंच: फिट, अटींसह फिट, तात्पुरता अनफिट, पुन्हा तपासणी कधी. स्वतःच्या आरोग्याची नोंद पाहण्याचा हक्क कामगाराला आहे, हे ठेकेदारालाही सांगून ठेवावं.

प्रपत्र ७ भरताना माणसामागे कामाचं स्वरूप आणि संपर्कातला पदार्थ लिहावा लागतो. तिथे नोव्हेंबरची ती यादी जशीच्या तशी कामाला आली. प्रत्येक नोंदीवर डॉक्टरांची सही-तारीख. एकाच दिवसाच्या ६४ सह्या दिसल्या की निरीक्षक पुढचा प्रश्न विचारतोच. सहा जणांची फेरतपासणी ९ जानेवारी २०२६ ला झाली, तीही शुक्रवारीच. चौघांच्या कानात मळ होता, साफ झाल्यावर आलेख सरळ आला. दोघांचा खड्डा कायम राहिला. त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं आणि प्रेसवरून टूल रूमला हलवलं. आवाजाने आलेला बहिरेपणा आणि क्रोमचे व्रण हे दोन्ही जुन्या कारखाने अधिनियमाच्या, आणि आता संहितेच्याही, तिसऱ्या अनुसूचीतले, म्हणजे सरकारला कळवण्याचे आजार. निदान पक्कं झालं की व्यवस्थापकाने नोटीस द्यायची आणि डॉक्टरांनीही स्वतंत्रपणे कळवायचं. ईएसआयसीत असलेल्याला व्यवसायजन्य आजाराचा लाभ मिळतो. त्यासाठी कामाचा इतिहास लागतो, आणि तो याच रजिस्टरमधून निघतो.

लाली निघालेल्या दोघांना टाकीवरून काढून महिन्याने पुन्हा दाखवायचं ठरलं. पण दुसऱ्या दोघांना त्याच जागी उभं करण्याआधी टाकीच्या कडेची सक्शनची फट उघडून पाहिली. त्या टोकाला ती वाळलेल्या क्षारांनी निम्मी बुजलेली होती. धूर ओढलाच जात नव्हता. साफसफाई आता दर बुधवारी, शिफ्ट संपताना, आणि हवेचा वेग मोजून वहीत लिहायचा.

पुढची फेरी जूनमध्ये: नमुने बुधवार १० जून, तपासणी शुक्रवार १२ जून. कान वर्षातून एकदाच, म्हणून या वेळी फक्त नव्याने आलेल्यांचे. एक्स-रे नाही. मधल्या काळात क्रोमवरून सोडून गेलेल्या मुलांचे फोन नंबर ठेकेदाराकडून आत्ताच घेऊन ठेवलेत, कारण काम सुटल्यावरची तपासणीही करायची आहे, आणि मे महिन्यात निम्मी मुलं गावी गेलेली असतात.